एक काडी लावावी की चार?

प्रश्न : माणगाव तालुक्यात आमची अठरा गुंठे भातशेती आहे. गावी सासूबाई आणि मोठे दीर असतात. आम्ही दोघं परळला राहतो, दोघंही नोकरी करतो आणि दर जुलैत आठ दिवस रजा टाकून लावणीला जातो. पुतण्याने मोबाइलवर 'श्री' पद्धत पाहिली. एकेक रोप लावायचं, बियाणं किलोभर पुरतं आणि भात दुप्पट पिकतं, असं तो सांगतो. सासूबाई म्हणतात, एक काडी लावून कुणाचं पोट भरलंय? यंदा करून बघावं का?
– एक वाचक भगिनी, परळ

उत्तर : ताई, पुतण्याने पाहिलेली पद्धत खोटी नाही. मादागास्करमध्ये फादर लोलानिए या फ्रेंच धर्मगुरूंनी १९८३ च्या सुमारास ती बसवली. आठ ते बारा दिवसांचं कोवळं रोप, एका जागी एकच, चारी बाजूंनी २५ सेंटिमीटर अंतर, आणि खाचरात पाणी न तुंबवता नुसती ओल ठेवायची. कोवळं रोप मुळं न दुखावता लावलं की फुटवे भरपूर येतात. आपण पंचवीस-तीस दिवसांचं आवण, म्हणजे राबात (रोपवाटिकेत) वाढवलेली रोपं, उपटतो, चिखल झाडायला मुठी आपटतो. तोवर रोपाची फुटायची ताकद बरीच सरलेली असते. बियाणं एकरी दोन किलो पुरतं हेही खरं, म्हणजे तुम्हाला किलोच्या आतच लागेल.

पण या पद्धतीचा सगळा जीव पाण्यावरच्या ताब्यात आहे. माणगावात जुलैचं पाणी कुणाच्या ताब्यात असतं? मी रायगडात कृषी सहायक होतो तेव्हा आमच्याच सखल खाचरात दहा दिवसांची रोपं एकेक करून लावली होती. चौथ्या दिवशी झड लागली ती तीन दिवस थांबली नाही. पाणी उतरलं तेव्हा चार बोटांची ती रोपं चिखलात आडवी झाली होती आणि पुन्हा लावायला राबात काही उरलं नव्हतं. आईने शेजाऱ्यांकडून उरलंसुरलं आवण मागून आणलं. तेव्हापासून सखल जमीन असलेल्या कुणालाही मी ही पद्धत सुचवलेली नाही.

दुसरी अडचण माणसांची. मादागास्करमध्येही हातावर पोट असलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ही पद्धत करून बघितली आणि सोडून दिली. लावणीला आणि बेणणीला, म्हणजे तण काढायला, जादा माणसं हवीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांना दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावं लागे. तुमची रजा आठ दिवसांची. पहिली बेणणी लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी येते, पुढे दर दहा दिवसांनी कोळपं फिरवायचं. तेव्हा तुम्ही परळला असणार आणि वाफ्यात सासूबाई वाकलेल्या असणार.

तुमच्यासाठी मी चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांची भातलागवड, सांगेन. डॉ. नारायण सावंतांनी कोकणातला पाऊस आणि लहान खाचरं डोळ्यांसमोर ठेवून ती बसवली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो टाकायचा. बांधावर गिरिपुष्प नसेल तर यंदाच फांद्या खोचा. लावणी दोरीवर करायची: आलटून पालटून २५ आणि १५ सेंटिमीटर अंतर, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपं. सासूबाईंची एका काडीची भीती इथेच मिटते.

चौथं सूत्र मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. १५ सेंटिमीटर अंतरावरच्या चार चुडांचा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅमची एक गोळी चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची, लावणीच्याच दिवशी. वरून फेकलेला युरिया आपल्याकडच्या पावसात बांधावरून वाहून जातो, उरलेल्यातला बराचसा अमोनिया होऊन हवेत उडतो. खोल चिखलात हवा पोचत नाही, तिथे माती गोळीतलं नत्र (नायट्रोजन) धरून ठेवते आणि मुळं लागेल तसं घेतात. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे तुमच्या अठरा गुंठ्यांना साधारण ३० किलो. नंतर युरियासाठी पुन्हा गावी धावायला नको. तुमच्यासारख्या मुंबईत अडकलेल्या घराला याहून सोयीचं खत मी पाहिलेलं नाही.

दुप्पट पिकेल का, याचं उत्तर तुमचं खाचर आज किती देतं यावर आहे. दुप्पटीच्या दाव्यावर शास्त्रज्ञांतही वाद झाले आहेत. यंदा चारच गुंठे असे लावा, बाकीचे सासूबाईंच्या पद्धतीने. दोन्हींचं भात वेगळं झोडा, वेगळं तोला. आणि ताई, नुसतं गुंठ्याला किती आलं एवढंच मांडू नका. लावणी-बेणणीचे माणूस-दिवस दिराला वहीत लिहायला सांगा, त्यात तुमची रजाही धरा, आणि दिवसाला किती किलो पडले ते काढा. लहान शेतकऱ्याच्या घरात हातच कमी असतात. हाताला जास्त देणारी पद्धत ती खरी.

पुढे कधी रजाच मिळेनाशी झाली, तर नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र सगळ्यांनी मिळून पाहून या. तिथे चिखलणी नाही, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने भोकं पाडून बी टोकतात. मात्र चिखलणी नसल्याने तण माजतं आणि तणनाशकाची वेळ चुकली तर पीक हातचं जातं. गावी त्यावर लक्ष ठेवणारं कुणी हवं.

प्रश्न : चारसूत्रीत वाडा कोलम लावला तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : जपून. जुना कोलम उंच वाढतो. नत्र जास्त झालं की लोंबी भरताना आडवा पडतो. दोरीवरचं अंतर आणि राख बिनधास्त घ्या, गोळ्या मात्र आधी एकाच वाफ्यात घालून बघा. सगळ्या खाचरात गोळ्याच घालायच्या असतील, तर कर्जत संशोधन केंद्राचे कर्जत-३ किंवा कर्जत-७ हे बुटके वाण घ्या. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगणारं काढून टाका, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.