आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करू नको

घराण्याची वंशावळ शोधायला आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करतोयस म्हणालास, अरे मी पण तेच केलं होतं, आडनाव जुळलं म्हणून दोन वर्षं भलत्याच घराण्यामागे फिरत बसलो. इंग्रजी आडनाव स्मिथ म्हणजे लोहार, आता लोहार काय एकाच गावात असतो का, सगळे स्मिथ नातेवाईक कसे होतील!

स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी, आणि प्रत्येक नात्याला कागद हवाच. त्याआधी घरातली म्हातारी माणसं गाठ, रेकॉर्डिंग लाव आणि जुना फोटो हातात दे, नुसतं विचारलं तर काही आठवत नाही म्हणतात पण फोटो बघितला की थांबतच नाहीत.

स्पेलिंगवर अडू नको, कारकून ऐकू येईल तसं लिहायचा, माझ्या पणजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे.

फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदी शोधायची वेबसाइट फुकट आहे, पण तिथले लोकांनी जोडलेले वंशवृक्ष डोळे झाकून कॉपी करू नको, मूळ नोंदीचा स्कॅन उघड. लग्नाच्या नोंदीत साक्षीदार बघ, बऱ्याचदा ते मेहुणे नाहीतर काका निघतात.

वाय डीएनए टेस्ट, म्हणजे पुरुषांच्या वाय गुणसूत्राची तपासणी, शेवटी कर, ती फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी लाईन दाखवते, मधे कुणी दत्तक असेल तर आडनाव जुळूनही रक्त जुळणार नाही.