गुलमोहराच्या बुंध्याशी उगवलेली रेशी वडिलांना शुगरसाठी देऊ का?

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. गुलमोहराच्या बुंध्याला चिकटलेली, वरून वार्निश मारल्यासारखी तांबूस चकचकीत छत्री, कडेला पांढरी किनार. तुम्ही विचारलंय की ही रेशी, म्हणजे औषधी म्हणून नावाजलेली बुरशी, आहे का, आणि वाळवून, दळून वडिलांना शुगरसाठी दुधातून रोज चमचाभर दिली तर चालेल का.

औषधाचं नंतर सांगते, आधी झाडाचं. ही गॅनोडर्मा वर्गातली बुरशी दिसते. ती मुळांतलं आणि बुंध्यातलं लाकूड कुजवते, आणि छत्री बाहेर येते तोवर आत बरंच पोखरून झालेलं असतं. त्यात गुलमोहराची मुळं वरवरची. आमच्या गल्लीत असाच एक होता. वर हिरवागार, मे महिन्यात फुलांनी लाल झालेला. जूनच्या पहिल्याच वादळात मुळासकट आडवा झाला आणि खालची स्कूटर पापडासारखी चपटी झाली. दोन वर्षं बुंध्याशी ह्या छत्र्या येत होत्या, आम्ही कौतुकाने फोटो काढत होतो. म्हणून त्या झाडाखाली गाडी लावू नका आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज करून झाड दाखवून घ्या. स्वतः कुऱ्हाड लावू नका. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे, परवानगी लागते.

आता रेशी. चीनमध्ये लिंगझी आणि जपानमध्ये रेशी म्हणून जिचं नाव आहे, तिच्यासारख्या चकचकीत दिसणाऱ्या जाती कितीतरी आहेत. मी नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) बेड लावते आणि भुशाच्या पिशव्यांत थोडी रेशीही घेते. तरी तुमची छत्री हातात घेऊनसुद्धा मी जात छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय बुरशी आजूबाजूचे जड धातू शोषून घेते, आणि तुमचं झाड रहदारीच्या रस्त्याला लागून आहे. ती खाण्यासाठी नको.

पावडरचं म्हणाल, तर तो उद्योग मी करून चुकलेय. पहिल्या वर्षी छत्र्या अख्ख्याच वाळवल्या. वाळलेली रेशी म्हणजे लाकूड. सासूबाईंचा पितळी अडकित्ता लावला, सुपारी फोडणारा तो अडकित्ता घसरून बाजूला गेला. शेवटी हातोडीने फोडून मिक्सरला घातली. झाकण उघडून बघते तर पावडर नाहीच, तपकिरी कापूस! उशीत भरावा असा. पात्याची धार गेली ती गेलीच. तो कापूस दुधात घालून प्यायले तर घशात अडकला.

घशाखाली उतरला असता तरी फारसा उपयोग नव्हता. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची असते, कोळंबीच्या कवचात असतं तेच. आपलं पोट ते नीट फोडू शकत नाही. आतले बीटा-ग्लुकान (ज्यांच्यासाठी रेशी घेतात ती तंतुमय द्रव्यं) बाहेर काढायला गरम पाणी आणि भरपूर वेळ लागतो, म्हणून रेशीचा पूर्वापार काढाच होतो. छत्री ताजी, मऊ असतानाच सुरीने पातळ चकत्या करायच्या आणि ड्रायरमध्ये ५०-६० अंशांवर वाळवायच्या (नाशकातल्या श्रावणात उन्हाच्या भरवशावर राहिलात तर वर दुसरीच बुरशी येते). चकती कट्‌कन मोडली पाहिजे. वाकली तर ओल आहे. १० ग्रॅम चकत्या, दीड लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, मंद आच, दीड-दोन तास. निम्मं उरलं की गाळायचं. हा दोन दिवसांचा काढा, फ्रिजमध्ये ठेवायचा. चव काडेचिराइताच्या बहिणीसारखी. कडू लागली नाही तर विकणाऱ्याने काय दिलंय ते तपासा.

काहीजण दारूत भिजवून अर्क काढतात, कारण रेशीतली ट्रायटर्पिन नावाची कडू द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतात. त्या नादात मेडिकलमधलं किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट वापरू नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण एका ओळखीच्या माणसाने बाटली भरून ठेवलीही होती. असलं स्पिरिट पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

पण वडिलांची शुगर ह्याने उतरेल का? २०१५ मध्ये कोक्रेन ह्या औषधांच्या चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेने टाइप २ मधुमेहातल्या रेशीच्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साखर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मी रेशी विकते, तरी हेच सांगेन. गोळी बंद करून काढा सुरू करणं तर अजिबात नको. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, ऑपरेशन ठरलं असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रेशीची पावडर घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

बुरशीचं औषध आपल्याकडे नव्हतंच असं मात्र नाही. माझं माहेर चिपळूणचं. लहान बाळाची लाळ फार गळायला लागली की आजी फडताळातून फणसांबा काढायची. फणसाच्या खोडावर येणारी ही लाकडासारखी बुरशी, काष्टौषधींच्या दुकानात अजून मिळते. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब, चार वेढे, आणि बोटावर आलेला तो तपकिरी लेप हिरड्यांना. तो तुकडा तिला शेजारच्या वैद्यांनी दिलेला होता. गंमत म्हणजे फणसाचं झाड दारात असूनही तिने त्यावरची बुरशी कधी स्वतः तोडून आणली नाही.

वडिलांना मशरूम द्यायचंच असेल तर धिंगरीची भाजी द्या. शिजवण्याआधी पापुद्र्यांची बाजू वर करून तासभर उन्हात ठेवा, त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. कांदा, लसूण, थोडा काळा मसाला. पाणी सुटून आटलं की झाली.

आणि गुलमोहराला उद्यान विभागाचे लोक बघून गेले की काय म्हणाले ते इथे लिहा.