समुद्राचे नाव वेगळे, नावेचे एकच

सोलापुरात पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे : लॅटिनमधील 'मारे', जर्मनमधील 'मेअर' आणि रशियनमधील 'मोरे' हे समुद्रवाचक शब्द उघडच एकमेकांचे भाऊबंद दिसतात. संस्कृत आणि मराठी त्याच इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे भारतापासून युरोपापर्यंतच्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांच्या कुटुंबातल्या, असताना आपल्याकडे मात्र 'समुद्र' हा निराळाच शब्द का? 'नाव' आणि 'नेव्ही' यांचे साम्य योगायोगाचे आहे काय? आणि 'मर्यादा' या शब्दात तो 'मारे' दडलेला आहे, असे म्हणतात ते खरे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध देता येते, म्हणून आधी ते घेतो. 'नाव' आणि 'नेव्ही' यांचे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत 'नौ', ग्रीक 'नाउस', लॅटिन 'नाविस', प्राचीन आयरिश 'नाउ' हे सर्व शब्द होडी किंवा जहाज या एकाच अर्थाचे आणि एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. लॅटिन 'नाविस' फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'नेव्ही' झाला. आपल्याकडे संस्कृतातून 'नाव', 'नावाडी', 'नौका' आले आणि पुढे 'नौदल' हा शब्द घडवला गेला. किनाऱ्यावरचे कोळी ज्याला 'नाखवा' म्हणतात, त्या शब्दातही फारसी 'नाव' आणि 'खुदा', म्हणजे नावेचा धनी, असे दोन घटक आहेत आणि त्यातली 'नाव' तीच आहे. 'ती नाव' आणि 'ते नाव' हे मराठीत उच्चाराने एक झालेले दोन वेगळे शब्द आहेत. पण लॅटिनमध्ये या दोघांचेही भाऊबंद सापडतात, एकाचा 'नाविस' आणि दुसऱ्याचा 'नोमेन'.

नावेबरोबर वल्ह्याचाही शब्द या कुळात समाईक आहे. संस्कृतात वल्ह्याला 'अरित्र' म्हणतात. ग्रीकमध्ये 'एरेत्मोन', लॅटिनमध्ये 'रेमुस', लिथुआनियनमध्ये 'इर्क्लास', आणि इंग्रजीतील 'रो' व 'रडर' हे त्याच धातूचे. मराठीत 'अरित्र' टिकला नाही, पण ऋग्वेदात तो आहे, आणि तो ज्या ऋचेत येतो ती या सगळ्या चर्चेसाठी मला फार मोलाची वाटते. तुग्राचा पुत्र भुज्यू अथांग पाण्यात सापडला असता अश्विनीकुमारांनी त्याला घरी पोहोचवले, अशी कथा पहिल्या मंडलातील एकशे सोळाव्या सूक्तात आहे. तिच्या पाचव्या ऋचेत जिथे धरायला, टेकायला काही नाही असा 'समुद्र' आहे आणि 'शतारित्रा नौ', म्हणजे शंभर वल्ह्यांची नाव आहे. या ऋचेतल्या 'नौ' आणि 'अरित्र' या शब्दांना युरोपभर सख्खी भावंडे आहेत. 'समुद्र' हा जोडशब्द मात्र जसाच्या तसा युरोपात कोठेही नाही.

तरीही तो त्या कुळाला परका नाही, आणि हाच या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथात, 'समुद्र' शब्दाच्या एकापाठोपाठ पाच व्युत्पत्ती दिल्या आहेत. त्यांतल्या शेवटच्या दोन, 'समुदको भवति' आणि 'समुनत्तीति वा', म्हणजे जिथे पाणी एकत्र येते तो, किंवा जो भिजवून टाकतो तो, या आजच्या भाषाशास्त्राला पटणाऱ्या आहेत. 'सम्' म्हणजे एकत्र आणि 'उद' म्हणजे पाणी. 'उदक', 'उदधी' यांतला 'उद' तो हाच. आपण एखाद्या गोष्टीवर 'उदक सोडतो' तेव्हा जो शब्द उच्चारतो, त्याचे नातलग ग्रीक 'हुदोर' (हायड्रोजनमधला 'हायड्रो' त्याचाच), रशियन 'वोदा', लिथुआनियन 'वांदुओ' आणि इंग्रजी 'वॉटर' हे आहेत. 'उद' आणि 'वॉटर' कानाला लांबचे वाटतात. पण संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' येणे हा नियम आहे आणि 'दशन्' व 'टेन', 'द्वि' व 'टू', 'दन्त' व 'टूथ' या जोड्या त्याची साक्ष देतात. उच्चाराच्या वरवरच्या साम्यापेक्षा असा नियमित फरक हा नात्याचा कितीतरी भक्कम पुरावा असतो. १९१५ साली भाषाशास्त्रज्ञ बेद्र्झिख ह्रोझ्नी यांनी अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मातीच्या पाट्यांवरची हित्ती ही प्राचीन भाषा उलगडली, तेव्हा भाकरी खाण्याच्या आणि पाणी पिण्याच्या एका वाक्यात त्यांना 'वातर' हा शब्द भेटला, आणि ती भाषा इंडो-युरोपीय आहे हे ओळखायला त्याची मोठी मदत झाली.

आता 'मारे'कडे वळू. लॅटिन, जर्मानिक, केल्टिक, बाल्टिक आणि स्लाव्हिक या शाखांत हा शब्द आहे. वेल्शमध्ये 'मोर', आयरिशमध्ये 'मुइर'. आपल्या मुंबईच्या 'मरीन ड्राइव्ह'मधला 'मरीन' याच घरचा. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ खारा, अफाट समुद्र असाच असेल असे मानायला मी तयार नाही. इंग्रजीत त्याचा वंशज 'मिअर' म्हणजे तळे. जर्मनीत 'श्टाइनहूडर मेअर' हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लिथुआनियात नेमुनास नदीवर धरण बांधून झालेल्या जलाशयाला 'काउनो मारियोस', म्हणजे शब्दशः काउनासचा समुद्र म्हणतात. सोलापूरकरांना हे नवल वाटू नये, कारण भीमेवरच्या उजनी धरणाच्या जलाशयाला आपण 'यशवंतसागर'च म्हणतो, आणि शेजारच्या कर्नाटकात होयसळांच्या राजधानीला तिथल्या तलावावरून 'दोरसमुद्र' हे नाव मिळाले. साचलेल्या मोठ्या पाण्याला, मग ते तळे असो वा दर्या, एकच शब्द लावण्याची ही रीत जुनी आहे. त्यामुळे मूळ भाषा बोलणाऱ्यांना पाणी, नाव आणि वल्हे परिचित होते एवढे खात्रीने म्हणता येते. महासागर त्यांच्यापैकी अनेकांनी पांगल्यावर पाहिला असावा आणि प्रत्येकाने त्याला आपापल्या परीने नाव दिले असावे, असे माझे मत आहे.

ग्रीकांचे उदाहरण या मताला पुष्टी देते. त्यांचा नेहमीचा शब्द 'थालास्सा' हा ग्रीकपूर्व रहिवाशांच्या भाषेतून आलेला मानतात, आणि दुसरा शब्द 'पोंतोस' हा आपल्या 'पथ', 'पंथ' यांचा सगोत्र आहे. म्हणजे संस्कृतात ज्या शब्दाने वाट सांगितली, त्याच कुळातल्या शब्दाने ग्रीकांनी समुद्र सांगितला. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून 'पोन्स', म्हणजे पूल, झाला. इंग्रजीतील 'सी' हा शब्द तर केवळ जर्मानिक भाषांतच आढळतो. सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या घरांत कानी पडणारा 'कडलु' हा द्राविडी शब्द आहे. त्याला या कुळात ओढू नये.

'दर्या' मात्र या कुळातलाच आहे. प्राचीन फारसीतील 'द्रयह्' आणि अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातील 'झ्रयह्' हे समुद्रवाचक शब्द, आणि ऋग्वेदातील विस्तार या अर्थाचा 'ज्रयस्' हे एकाच मुळाचे आहेत. संस्कृतात 'ज्रयस्' मागे पडला. फारसीतला त्याचा भाऊ मराठीत येऊन असा रुळला, की शिवकालीन आरमारात 'दर्यासारंग' हा हुद्दा झाला आणि 'दर्यावर्दी' हा शब्द आज कोणालाही परका वाटत नाही.

राहिला 'मर्यादा'. हा शब्द सीमा या अर्थाबरोबरच किनारा या अर्थानेही वापरला गेला आहे, आणि त्यामुळे त्याच्या पहिल्या भागात 'मारे'चा भाऊ शोधण्याचा प्रयत्न काही विद्वानांनी केला आहे. परंतु पाणी किंवा समुद्र या अर्थाने तसा सुटा शब्द वैदिक वाङ्मयात मिळत नाही. 'मर्यादा'चा मुख्य अर्थ हद्द, सीमारेषा हाच आहे. समुद्राचा काठ ही त्या हद्दीची एक जात झाली. शेताचा बांध जितका 'मर्यादा' आहे, तितकाच समुद्रकिनारा, म्हणून या शब्दावरून संस्कृतात 'मारे' होता असे अनुमान मी काढणार नाही.