नव्यानं ध्यानाला बसतोयस तर
नाशिकच्या रामकुंडावर पहाटे कोण किती माळा ओढतो, ते बघून आपली साधना मोजू नकोस. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं बस, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मन भरकटणारच, त्याच्यावर चिडू नकोस. उठल्यावर वहीत एकच ओळ लिही: काल केवळ दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून मी काय बोललो? सुरुवातीला हे बोचतं, पण आतला उजेड अडवणारं नेमकं असं बोलणंच असतं.

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला जरूर जा. धाकटे भाऊ ज्ञानदेव त्यांचे शिष्य, तरी दोघांची वाणी वेगळी ओळखू येते. मला हे फार मोलाचं वाटतं. पौष वद्य एकादशीला तिथं यात्रा भरते, त्यामुळे निवांत बसायचं असेल तर एरवी जा.