रोमिओचे नेमके काय चुकले?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाच्या प्रास्ताविकातच नायक-नायिकेवर ग्रहांची वक्रदृष्टी असल्याचे सांगितले जाते. मग रोमिओच्या स्वभावात दोष शोधण्यात अर्थ काय? आणि शोधायचेच, तर उतावळेपणाखेरीज दुसरा कोणता दोष दाखवता येईल? — एक वाचक, सातारा

उत्तर : प्रास्ताविकात ग्रहांचा उल्लेख आहे हे खरे, पण सगळा भार त्यांच्यावरच टाकायचा असता, तर शेक्सपिअरला मूळ कथेत एवढे फेरफार करण्याचे कारण नव्हते. आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील ज्या दीर्घकाव्यावर हे नाटक बेतले आहे, त्यात कथा कित्येक महिने चालते आणि नायक ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबाल्टला, मारतो तो स्वसंरक्षणासाठी. नाटकात तीच कथा रविवारी सुरू होऊन गुरुवारी पहाटे आटोपते, आणि टिबाल्टला रोमिओ मारतो ते आपला मित्र मर्क्युशिओ याच्या मृत्यूचा सूड म्हणून. त्यानंतर लगेच तो आपण नशिबाच्या हातचे खेळणे झाल्याचा आक्रोश करतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

उतावळेपणा तर उघडच आहे. सकाळी रोझलिनच्या नावाने उसासे टाकणारा हा तरुण रात्री ज्युलिएटला पाहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न उरकूनही टाकतो. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. मात्र लग्नाचा विषय आधी ज्युलिएटच काढते, त्यामुळे घाईचे सारे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडणे मला न्याय्य वाटत नाही. तिचे वेगळेपण इतकेच की, हे फार अचानक घडते आहे अशी शंका ती सज्जातील भेटीत बोलून तरी दाखवते.

माझ्या मते त्याचा अधिक घातक दोष हा की, भावनेचा उमाळा आला म्हणजे तो कोणाचे ऐकून घेत नाही. टिबाल्टच्या हत्येपायी हद्दपार होऊन तो मांतुआ शहरात असताना त्याचा नोकर बाल्थसार ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी आणतो (प्रत्यक्षात ती पाद्री लॉरेन्सने दिलेल्या औषधाने मृतवत झोपलेली असते), तेव्हा लॉरेन्सचे काही पत्र आहे का, असे रोमिओ विचारतो. अगदी योग्य प्रश्न! पण ‘नाही’ असे उत्तर येताच तो विषय झटकून टाकतो आणि चाळीस डुकाट (सोन्याची नाणी) मोजून विष विकत घेतो. पुढे थडग्यापाशी अंधारात आडवा आलेल्या माणसाला तो ठार करतो, मग तोंड पाहून तो पॅरिस असल्याचे त्याला कळते. आणि तेव्हा कुठे त्याला अंधूक आठवते की, पॅरिसचे ज्युलिएटशी लग्न ठरल्याचे बाल्थसार वाटेत सांगत होता, पण आपले लक्षच नव्हते. ज्युलिएटच्या ओठांवर व गालांवर अजून लाली आहे हेही त्याला दिसते. तो त्या लालीचे रसभरित वर्णन करतो, पण ती का आहे हा प्रश्न काही त्याच्या मनात येत नाही. (कवी म्हणून तो थोर आहे, यात वाद नाही.)

हे खरे काय ते कळवणारे लॉरेन्सचे पत्र घेऊन निघालेला दुसरा पाद्री प्लेगच्या संशयावरून अडकून पडला, हे मात्र निव्वळ दुर्दैव आणि त्याचा दोष रोमिओला देता येत नाही. परंतु व्हेरोनात परतल्यावर, ज्याने आपले लग्न लावले त्या लॉरेन्सची आधी गाठ घेण्यापासून त्याला कोणत्याही ग्रहाने अडवले नव्हते.