पार्किंगच्या दंडापायी गेलेला वाहन परवाना परत मिळेल का?

प्रश्न : माझा मुलगा २०१५ पासून नोकरीनिमित्त अमेरिकेत, शिकागो शहरात राहतो. सुरुवातीला त्याने एक जुनी मोटार घेतली होती आणि ती रस्त्याच्या कडेलाच उभी असे. रस्ता झाडण्याच्या दिवशी गाडी न हलवणे, मीटरची वेळ उलटणे, काचेवर शहराचे स्टिकर नसणे अशा कारणांनी त्याच्या नावावर बारा-तेरा दंडाच्या पावत्या झाल्या. त्यांतल्या काही तर त्याच्या खोलीतला मित्र गाडी घेऊन गेला असताना लागलेल्या आहेत. मध्ये त्याने घर बदलले, पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि २०१९ मध्ये त्याला कळले की आपला वाहन परवाना निलंबित झाला आहे. भीतीने त्याने गाडी विकून टाकली आणि तेव्हापासून तो गाडी चालवतच नाही. आता एका उपनगरात त्याला चांगली नोकरी मिळते आहे, पण तेथपर्यंत ना रेल्वे जाते ना बस. त्याला परवाना परत मिळेल का? सगळी थकबाकी भरावीच लागेल का? तो गुन्हेगार ठरतो का, ग्रीन कार्डाला अडचण येईल का? फोनवर विषय काढला की तो बोलणे टाळतो. मी आणि माझे यजमान मुदत ठेव मोडून पैसे पाठवण्याच्या विचारात आहोत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेव मोडण्याची घाई कृपया करू नका. आपल्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, परवाना आणि थकबाकी. २०१९ मध्ये त्या खरोखरच एकमेकींना बांधलेल्या होत्या. आज तशा नाहीत, आणि ही बातमी बहुधा आपल्या चिरंजिवांपर्यंत पोहोचलेलीच नाही.

शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तेथे पूर्वी असा नियम होता की एखाद्या वाहनमालकाच्या नावावर पार्किंगच्या किंवा स्टिकरसारख्या दहा पावत्या थकल्या की शहराने राज्याला कळवायचे आणि राज्याने त्याचा परवाना निलंबित करायचा. सिग्नल तोडल्याच्या किंवा वेगमर्यादेच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या पावत्या असतील, तर पाचच पुरेशा होत्या. दंड गाडीच्या नंबरावर लागतो आणि नंबर मालकाच्या नावाचा असतो. त्यामुळे चाकामागे मित्र असला तरी परवाना मालकाचा जात असे. या तरतुदींमुळे दरवर्षी ५० हजारांहून अधिक परवाने निलंबित होत होते. जानेवारी २०२० मध्ये गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी ‘लायसन्स टू वर्क अ‍ॅक्ट’ या कायद्यावर सही केली आणि १ जुलै २०२० पासून पार्किंगच्या थकलेल्या दंडासाठी परवाना निलंबित करणे त्या राज्यात बंद झाले. कॅमेऱ्याच्या पावत्यांपुरते राहिलेले निलंबन १ जुलै २०२१ पासून गेले. आधी याच कारणाने निलंबित झालेल्यांनाही त्याचा लाभ देण्यात आला. म्हणजे आपल्या चिरंजिवांच्या परवान्यावर केवळ पार्किंगच्या पावत्यांचेच निलंबन असेल, तर ते आता उरलेले नसावे.

याची खातरजमा मात्र त्यांनी स्वतः करायला हवी. तेथे वाहन परवान्याचे काम ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या कार्यालयाकडे असते. आपल्याकडच्या आरटीओचे काम तेथे तेच पाहते. त्यांच्याकडून आपल्या परवान्याचा उतारा मागवावा आणि त्यात निलंबनाचे दुसरे काही कारण नोंदलेले आहे का, ते पाहावे. वाहन विमा नसणे किंवा न्यायालयाच्या तारखेला हजर न राहणे अशा कारणांचे निलंबन असेल, तर ते या कायद्याने उठत नाही. शिवाय इतक्या वर्षांत परवान्याची मूळ मुदतही संपली असण्याचा संभव आहे, त्यामुळे कदाचित पुन्हा लेखी आणि वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागेल. तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

आता थकबाकी. कायद्याने निलंबन उठवले, कर्ज माफ केले नाही. पावती जुनी झाली म्हणून आपोआप रद्द होत नाही. शिकागोत मुदतीत न भरलेला पार्किंगचा दंड सर्वसाधारणपणे दुप्पट होतो. ६० डॉलरची रस्तासफाईची पावती १२० डॉलरची होते. स्टिकरची कथा याहून कठोर आहे. शहरातल्या रहिवाशाने वाहनकर भरल्याची खूण म्हणून हे स्टिकर काचेवर लावायचे असते, म्हणजे गाडी कोठे उभी केली याच्याशी त्याचा काही संबंध नाही, तरीही पावती पार्किंगच्या पावतीसारखीच वायपरखाली खोचली जाते. २०१२ पासून हा दंड २०० डॉलर झाला. उशीर झाला की आणखी २००, आणि वसुलीसाठी पाठवला की त्यावर २२ टक्के खर्च, असे करत एकच पावती ४८८ डॉलरवर जात असे. २०१९ मध्ये महापौर लोरी लाइटफूट यांच्या काळात शहराने या पावतीवरचा उशिराचा दंड २०० वरून ५० डॉलरवर आणला आणि हप्त्यांच्या अटीही सैल केल्या. आपल्या चिरंजिवांच्या पावत्या त्याआधीच्या असल्याने त्यांच्या थकबाकीचा मोठा भाग मूळ दंडाचा नसून त्यावर चढलेल्या रकमेचा असणार. म्हणूनच, शहराच्या वित्त विभागाकडून प्रत्येक पावतीची तारीख, मूळ रक्कम आणि वाढीव रक्कम वेगवेगळी लिहून घेतल्याशिवाय येथून एक रुपयाही पाठवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा तपशील हाती आल्यावर दोन मार्ग आहेत. उत्पन्न बेताचे असेल तर २०२२ मध्ये शहराने सुरू केलेल्या ‘क्लिअर पाथ रिलीफ’ या सवलत योजनेत आपण बसतो का, हे त्यांनी प्रथम विचारावे. त्या योजनेत मूळ दंड हप्त्यांनी फेडणाऱ्याची जुनी थकबाकी आणि उशिराचे दंड माफ करण्याची तरतूद ठेवलेली होती. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर नेहमीचा हप्त्यांचा करार करता येतो. काही मित्र त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करण्याचाही सल्ला देतील, कारण शिकागोत दंडाच्या कर्जापायी हजारो लोकांनी तो मार्ग धरला होता. बारा-तेरा पावत्यांसाठी मी तो सल्ला देणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागो शहर विरुद्ध फुल्टन या खटल्यात असा निर्णय दिला की, दिवाळखोरीचा अर्ज दाखल होण्यापूर्वी शहराने उचलून नेलेली गाडी शहराने नुसती ताब्यात ठेवली, तर तेवढ्याने कायद्याचा भंग होत नाही. गाडी सोडवण्यासाठी दिवाळखोरीवर भिस्त ठेवण्याचा आधार त्यामुळे बराच कमी झाला आहे.

आणि गाडीवरूनच एक सावधगिरीची सूचना. नोकरी मिळाल्याच्या आनंदात चिरंजीव आधी मोटार घेतील आणि जुन्या पावत्यांचे मग पाहू म्हणतील, तर ते महागात पडेल. निर्णय अंतिम झालेल्या तीन पावत्या, किंवा वर्षाहून जुन्या दोन पावत्या थकलेल्या असल्या, की त्या मालकाच्या नावावरची कोणतीही गाडी शहराला जखडता येते. आपल्याकडे ज्याला जॅमर म्हणतात तो पिवळा लोखंडी चिमटा सकाळी चाकाला लागलेला दिसतो. तो काढण्याचे १०० डॉलर, वेळेत सोडवली नाही तर गाडी उचलून नेण्याचे १५० डॉलर, आणि आवारात ठेवल्याचे रोजचे भाडे निराळे. आपण ज्या पैशांसाठी ठेव मोडायला निघाला आहात, ते अशा ठिकाणी जाऊ नयेत. करार आधी, गाडी नंतर. राज्याच्या प्राप्तिकराचा परतावा येणार असेल, तर त्यातूनही शहर आपली थकबाकी वळती करून घेऊ शकते, हेही त्यांना ठाऊक असू द्यावे.

ते गुन्हेगार ठरतात का, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण त्यामागे आईची झोप उडालेली दिसते. नाही, ठरत नाहीत. पार्किंगची पावती तेथे दिवाणी स्वरूपाची असून तिची सुनावणी फौजदारी न्यायालयात नव्हे, तर शहराच्या प्रशासकीय सुनावणी विभागात होते. निलंबित परवान्यावर गाडी चालवणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात अटकही होऊ शकते. आपल्या चिरंजिवांनी भीतीने का होईना गाडी विकली आणि चालवणे थांबवले, हा त्या वेळी त्यांनी घेतलेला अत्यंत योग्य निर्णय होता. हे त्यांना माझ्या वतीने जरूर सांगा. मधल्या काळात एकदाही पोलिसांनी अडवले असेल, तर ती गोष्ट न लपवता ग्रीन कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी स्थलांतरविषयक वकिलाच्या कानावर घालावी. केवळ पार्किंगच्या पावत्या असतील, तर त्यांपायी त्यांनी किंवा आपण रात्री जागून काढाव्यात असे काहीही त्यात नाही.

जुन्या नियमाबद्दल थोडे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. चुकीच्या जागी गाडी उभी करणारा माणूस गाडी वाईट चालवतो, असे कोणीच म्हणत नव्हते. तरीही त्याचा गाडी चालवण्याचा हक्कच काढून घेतला जात होता. ज्याच्या घराला स्वतःचे गॅरेज आहे त्याला रस्तासफाईच्या आदल्या दिवशी झाडाला बांधलेला केशरी कागद वाचावा लागत नाही. ज्याला रात्रपाळीहून परतून रस्त्यावरच जागा शोधावी लागते, तोच तो कागद अंधारात चुकवतो. अशा माणसाचा परवाना काढून घेऊन त्याच्याकडूनच पैसे मागणे म्हणजे हातातली कुदळ हिसकावून विहीर खणायला सांगणे होते. आपल्या चिरंजिवांची काही वर्षे त्यात गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक काम त्यांनी या आठवड्यातच करावे. इलिनॉयमध्ये पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाला कळवावे लागते, आणि दंडाची पत्रे त्या नोंदलेल्या पत्त्यावरच जातात. तो पत्ता आजही जुनाच असेल, तर पुढचे पत्रही तिकडेच जाईल.

प्रश्न : माझी भाची बॉस्टनमध्ये शिकते. तिच्या दोन पार्किंगच्या पावत्या राहून गेल्या आहेत. वरच्यासारखा कायदा तिलाही लागू आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. बॉस्टन मॅसॅच्युसेट्स राज्यात येते आणि तेथे दोन किंवा अधिक पावत्या थकल्या, तर चालू परवाना तिच्या हातातून काढून घेत नाहीत, पण मुदत संपल्यावर परवान्याचे आणि गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण अडवून ठेवतात. पावती लागल्यापासून २१ दिवसांत ती भरता येते किंवा तिला हरकत घेता येते. तो काळ उलटला असल्यास वाढीव रकमेसह दोन्ही पावत्या भरून तिने त्याची पोच जपून ठेवावी, आणि नूतनीकरणाच्या तारखेला निदान महिनाभर अवकाश असतानाच हे उरकावे, कारण पैसे भरल्याची नोंद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पोहोचायला दिवस लागतात.