उत्तर : कार्यशाळा राहू द्या, आधी एक असाइनमेंट धरा

मॅडम, तुमचा प्रश्न मी असा समजलो : ऐरोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकत्याच रुजू झालात, आयक्यूएसीने (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने) 'प्राध्यापक आणि ग्रंथालय मिळून अध्यापन सुधारण्याचा उपक्रम' मागितलाय, आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेत कोणते विषय ठेवावेत असं तुम्ही विचारताय. माझं म्हणाल तर कार्यशाळाच नको. एक प्राध्यापक गाठा आणि त्यांची एक असाइनमेंट हातात घ्या.

हे मला सुचायला बरीच वर्षं लागली. ठाण्यात २२ वर्षं ग्रंथपाल आहे, त्यातली निम्मी कार्यशाळा घेण्यात घालवली. एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या सरकारी योजनेवर घेतलेली तर अजून आठवते. एव्ही रूम भरलेली, चहा-सामोसे, प्रत्येकाला लॉगिन करून दिलं, फोटो झाले. तीन महिन्यांनी वापर पाहिला तर शून्य. एका सरांनी पासवर्डचा कागद पुस्तकात खूण म्हणून घातला होता; पुस्तक परत आलं तेव्हा तो मला इश्यू काउंटरवर मिळाला. सहा हजारांहून जास्त ई-जर्नल्स आहेत हे मी दीड तास सांगत होतो, पण सोमवारच्या लेक्चरला त्यातलं काय लागणार हे ना मला माहीत होतं, ना त्यांना.

पुढे जे जमलं ते काउंटरवरच्या एका वैतागातून. पर्यावरण शिकवणाऱ्या मॅडम प्रोजेक्टचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांचं एकच. तुमच्याकडे ते चोरी पकडायचं सॉफ्टवेअर आहे ना?" होतं. पण मी आधी प्रश्न पाहिला : 'ठाणे खाडी – महत्त्व आणि समस्या'. यावर मीसुद्धा नेटवरून उतरवूनच काढलं असतं. (जाता जाता : यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांतून असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट मुळात वगळलेत. तिथली १० टक्क्यांची मर्यादा प्रबंध-लेखांसाठी आहे, एफवायच्या पोरांवर ती चालवू नका. एकदा पोलीस झालात की वर्ग तुमच्याकडे फिरकत नाही.)

मग आम्ही दोघांनी बसून प्रश्नच बदलला. नवा प्रश्न असा : ठाणे खाडीचं संरक्षित क्षेत्र किती हेक्टर? दोन वेगळे आकडे सापडतील. प्रत्येक आकडा कुठून आला ते दाखवा आणि दोन्ही का आहेत ते सांगा.

आकडे खरोखर दोन आहेत. २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२मध्ये खाडी रामसर स्थळ झाली, म्हणजे रामसर करारातल्या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, तिचं क्षेत्र ६,५२१ हेक्टर. पोरांनी पहिल्यांदा एक आकडा चूक ठरवून खोडून टाकला. कळव्याच्या एका मुलीने विचारलं, "सर, सरकारलाच नक्की माहीत नाही का?" रामसरच्या हद्दीत अभयारण्याच्या भोवतीचं इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्रही धरलंय, म्हणून फरक पडतो, हे त्यांनी स्वतः शोधलं. मॅडम दरवर्षी रामसर करार शिकवायच्या, पण 'हद्द कोण आखतं' हा प्रश्न वर्गातून पहिल्यांदा आला. त्या दिवशी त्यांचं लेक्चर ठरलेल्या टिपणाच्या बाहेर गेलं, आणि त्या खूश होत्या.

आता यातला माझा वाटा, कारण तुम्हाला तोच उचलायचाय. मी एक तासिका घेतली : बातमी, सरकारी अधिसूचना आणि रामसरचं माहितीपत्रक यांत आकडा कुठे जन्मतो आणि कुठे नुसता उतरवला जातो. सोबत १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर नेलं, खाडीकाठच्या मिठागरांसाठी. तासिका फसली. ४८ मिनिटांतली ४० मी डेटाबेस दाखवण्यात घालवली. मॅडम मागच्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सर, त्यांनी अजून काही शोधलंच नाही, मग अडणार कुठे?" मुकाट्याने ऐकलं. पुढच्या वर्षी पोरांना आधी आठवडाभर शोधू दिलं आणि मी नंतर पंधरा मिनिटांसाठी गेलो. तेवढं पुरलं. सुधारायचं अध्यापन फक्त प्राध्यापकांचंच असतं असं आपण उगाच धरून चालतो.

दुसरी गोष्ट गुणांची. २०पैकी ५ गुण 'आकडा कुठून आला' याला ठेवा, आणि पेपर तपासताना निदान दहा तुम्हीही वाचा. गुण नसतील तर पोरं ते करणार नाहीत, आणि तुम्ही वाचलं नाहीत तर पुढच्या वर्षी काय बदलायचं ते कळणार नाही.

यात माझं डोकं काही नाही. अमेरिकेत इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजात एव्हन फार्बर हे ग्रंथपाल १९६०च्या दशकापासून हेच करत होते : ग्रंथालयाचा वेगळा तास नको, विषयाच्या कामातच तो मिसळा. ओहायोच्या मायामी विद्यापीठात १९७९पासून प्राध्यापकांचे छोटे गट वर्षभर आपल्याच शिकवण्यावर काम करत आलेत. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी सहा जणांचा गट जमला. महिन्यातून एकदा, शेवटच्या लेक्चरनंतर, लायब्ररीच्या मागच्या टेबलावर. प्रत्येकाने एक असाइनमेंट आणायची, बाकीच्यांनी ती विद्यार्थ्यासारखी सोडवून बघायची. अर्थशास्त्राच्या सरांना स्वतःचाच प्रश्न सुटेना, तेव्हा गट खरा सुरू झाला. अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथपालांच्या संघटनेची माहिती-साक्षरतेची (माहिती शोधून पारखता येण्याची) २०१५ची चौकट तुम्ही वाचाल, वाचाच. पण तिच्या स्लाइड्स करून स्टाफरूममध्ये दाखवू नका. लोक जांभया देतात.

कुणाला धरायचं? विभागप्रमुख नको, त्यांना वेळ नसतो. काउंटरवर येऊन विद्यार्थ्यांबद्दल कुरकुरणारे बघा. त्यांना शिकवण्याची काळजी असते म्हणून तर कुरकुरतात. सध्या नवीन शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) गळ्यात पडलंय, प्रश्न कसे काढायचे याची सगळ्यांनाच धास्ती आहे. ही वेळ तुमच्या फायद्याची आहे. आणि जूनमध्येच जा, टीचिंग प्लॅन लिहिला जातो तेव्हा. ऑगस्टमध्ये गेलात तर 'पोर्शन राहिलाय' एवढंच ऐकाल.

'तुम्ही शिक्षक की शिक्षकेतर' हा टोमणा तुम्हालाही बसेल. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत कॉलेज ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक एकाच वेतनस्तरावर आहेत, दहाव्या. पण हे स्टाफरूममध्ये सांगून काही होत नाही. त्यांच्या दहा असाइनमेंट तपासून दिल्यात की होतं.

आयक्यूएसीला कागद हवाच. जुना प्रश्न, नवा प्रश्न, दोन्ही वर्षांची तीन-तीन उत्तरं नावं झाकून जोडा. जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटोही लावा एक, त्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

कोण प्राध्यापक मिळाले आणि त्यांचा सध्याचा प्रश्न काय आहे ते इथेच टाका. प्रश्न जसाच्या तसा टाका, सुधारून नको.